मिलिटरीचा जुना ट्रक कमी खर्चात रंगवताना: कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही

लिलावातून घेतलेला मिलिटरीचा ट्रक दिवाळीनंतर रंगवला आणि पुढच्या आषाढातच मडगार्डवरून पापुद्रे सुटायला लागले, हे आपल्याकडे नेहमी होतं. मग दोष रंगाच्या कंपनीला जातो. महागाचा डबा घेतला असता तर टिकला असता, असं लोक म्हणतात. पण पापुद्रा उलटून पाहा. त्याच्या पाठीवर हिरवी भुकटी, तेलाचा डाग किंवा गंजाची पूड दिसेल. म्हणजे नवा रंग पत्र्याला चिकटलाच नव्हता, तो या घाणीला चिकटला होता.

संत्री, कापूस, ढेप नाहीतर गिट्टी वाहणाऱ्या ट्रकला आरशासारखी चमक लागत नाही. पोचे काढू नका, पुट्टी भरत बसू नका, जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवू नका. कमी तयारी म्हणजे एवढंच सोडून देणं. धुणं, सुटा गंज काढणं आणि घासणं ही तीन कामं सोडली, तर रंगाचे पैसे आणि मजुरी दोन्ही पाण्यात जातात. तिन्ही कामांना पैसा थोडा आणि अंगमेहनत जास्त लागते, म्हणून नेमकी तीच टाळली जातात.

१. डबा घेण्याआधी कागद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. बाकी कोणत्याही गाडीला तो लावता येत नाही. त्यामुळे "आहे त्याच रंगाचा एक हात मारून घेऊ" हा सगळ्यात स्वस्त वाटणारा मार्ग बंद आहे. आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, तीही आरटीओत बदलून घ्यावी लागते. कोणता रंग लिहायचा हे आधी ठरवा, मगच दुकानात जा.

रंग निवडताना खर्चाचाही विचार करा. पिवळा आणि लाल हे झाकणारे रंग नाहीत. गर्द हिरव्यावर पिवळा लावला तर दोन हातांनंतरही खालून हिरवट झाक येते, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताचा खर्च वाढतो. स्मोक ग्रे, ऑक्सफर्ड ब्लू, गडद तपकिरी हे रंग दोन हातांत झाकतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ करड्या रंगावर सगळ्यात कमी उठून दिसते. माझी पसंती करड्यालाच.

सावधान: चेसिस नंबर कोरलेली जागा आणि माहितीची धातूची पट्टी यांच्यावर रंगाचा थेंबही जाऊ देऊ नका. आरटीओत आणि विम्याच्या वेळी चेसिस नंबरची पेन्सिल-प्रिंट घेतात. अक्षरांच्या खाचा रंगाने भरल्या तर तिथेच काम अडतं. त्या जागेवर आजच टेप लावून ठेवा. नंबर कुठे कोरलाय ते माहीत नसेल तर आधी शोधा.

२. महिना, जागा, वेळ

विदर्भात हे काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत करावं. एप्रिल-मे मध्ये उन्हातल्या पत्र्यावर ब्रश ओढता येत नाही. रंग ब्रशखालीच सुकतो, वरून साय धरतो आणि आत ओला राहतो, मग सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात तर घासलेला पत्रा रात्रीतून पुन्हा लालसर होतो.

हिवाळ्यातही दिवसभर रंगवता येत नाही. पहाटेचं दव पत्र्यावर नऊ-साडेनऊपर्यंत असतं, कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि चारला हात थांबवा. पाचनंतर लावलेल्या रंगावर संध्याकाळची ओल बसते आणि त्याचं तेज मरतं. बल्ब लावून रात्री रंगवायला बसलात तर सकाळी दारावर किडे चिकटलेले सापडतील.

जागा निवडताना वाऱ्याची दिशा पाहा. शेजारच्या वावरात सोयाबीन किंवा तुरीवर हडंबा (मळणी यंत्र) चालू असेल तर तो आटोपू द्या. ते भूस अर्धा किलोमीटर उडत येतं. कापसाच्या गंजीजवळ गाडी लावू नका. ओल्या रंगावर कापसाचे तंतू बसले की काढताना रंगच ओढला जातो, शिवाय टर्पेंटाइन आणि कापूस शेजारी ठेवणं हा आगीचा धोका आहे. निंबाच्या झाडाखाली सावली छान, पण पानं, काड्या आणि पाखरांची घाण. पत्र्याची शेड मिळाली तर उत्तम. रंगवण्याच्या तासभर आधी आजूबाजूला सडा टाका, म्हणजे धूळ बसते.

तपासा: उघडा तळहात पत्र्यावर ठेवून दहा अंक मोजा. हात ठेववत नसेल तर पत्रा जास्त तापलाय. हात ओलसर लागला तर अजून थांबा.

३. सामान आणि हिशेब

रंग सिंथेटिक इनॅमलच घ्या. तो ब्रशने लागतो, गावातल्या दुकानात मिळतो आणि पुढे डागडुजी करायला सोपा पडतो. ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घेऊ नका. त्याचा थिनर जुन्या इनॅमलला उकलतो, आणि खालचा रंग फुगून सुरकुततो. दुकानदार "गाडीचा रंग आहे, हाच न्या" म्हणाला तरी डब्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

हिशेब असा करा. एक लिटर इनॅमल ब्रशने साधारण शंभर चौरस फूट जातं, एका हाताला. समजा माल भरायचा हौदा १२ बाय ७ फूट आहे आणि त्याच्या बाजूच्या भिंती, म्हणजे फाळके, २ फूट उंच. लांबीकडचे दोन फाळके ४८ चौरस फूट, रुंदीकडचे दोन २८, म्हणजे बाहेरून ७६ आणि आतूनही तेवढंच, एकूण १५२. केबिन, बॉनेट आणि मडगार्ड मिळून टेपने मोजून १६० आले असं धरा. बेरीज ३१२. दोन हातांना सव्वासहा लिटर. मिलिटरीचा जुना रंग मॅट असतो, तो पहिल्या हाताला जास्त पितो, म्हणून लिटरभर वाढवा. चार लिटरचे दोन डबे पुरतात. हौद्याच्या तळाला रंग लावू नका, फावड्याने आठवड्यात निघून जातो.

दोन्ही डबे एकाच वेळी, एकाच शेडचे आणि एकाच कंपनीचे घ्या. उघडल्यावर दोन्ही एका स्वच्छ बादलीत एकत्र करा. दोन डब्यांच्या छटेत थोडा फरक असू शकतो, आणि तो नेमका दारावर दिसतो.

बाकीचं सामान: रेड ऑक्साइड प्रायमर दोन लिटर, चेसिससाठी काळा इनॅमल दोन लिटर, मिनरल टर्पेंटाइन पाच लिटर, तारेचे दोन ब्रश, लोखंडी खरवडणी, पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे, चार इंची फोम रोलर, अडीच इंची चांगला ब्रश, मास्किंग टेप, धुण्याचा सोडा, कपडे धुण्याची पावडर, जुन्या बनियनच्या भरपूर चिंध्या, आणि धूळ अडवणारा चांगला मास्क.

हात आखडायचा असेल तर रंगाच्या कंपनीत आखडा, ब्रशमध्ये नको. स्वस्त ब्रशचे केस गळतात आणि रंगात अडकतात. टर्पेंटाइनमध्येही काटकसर करू नका. त्याऐवजी रंगात रॉकेल किंवा डिझेल मिसळलं तर रंग आठवडाभर चिकट राहतो. पेट्रोल मिसळलं तर चमक जाते, आणि पेटण्याचा धोका वेगळाच.

४. सुट्टं करा

बॅटरीची तार काढा. चाकांना दगड लावा. लाईट, आरसे, वायपर, नंबरप्लेट, फाळक्याच्या साखळ्या, ताडपत्रीच्या कमानी असं पान्याने पाच मिनिटांत निघणारं सगळं काढा. गंजून धरलेला नट ताकद लावून तोडू नका, तो भाग झाकून रंगवता येतो. वेल्डिंग करायचं असेल तर ते आत्ताच करून घ्या. रंगानंतर वेल्डिंग केलं की आजूबाजूचा वीतभर रंग जळतो.

५. धुणं

या कामाला पूर्ण दिवस द्या.

आधी कोरडं काम. चेसिसच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या वळकटीत आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) मागे काळ्या मातीची ढेकळं घट्ट बसलेली असतात. ही माती पाणी धरून ठेवते आणि तिच्याखालचा पत्रा सतत गंजत राहतो. वरून पाणी मारून ती निघत नाही. रात्री ओली करून ठेवा, सकाळी खरवडणीने काढा. दारांच्या खालच्या काठाला पाणी निघण्याची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात हात घाला आणि बोटांनी चाचपून बघा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या वळकटीतून अजून मूठभर माती निघते.

मग तेल आणि ग्रीस. हे साबणाने जात नाही. आधी टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा. चिंधी काळी झाली की बदला, नाहीतर एका जागेचं तेल दुसऱ्या जागी पसरवाल. दारांच्या बिजागऱ्या, बॉनेटच्या कडा, डिझेल टाकीच्या तोंडाभोवतीची जागा, फाळक्याच्या कड्या आणि ग्रीस निपलच्या आजूबाजूचा भाग नीट पुसा. कोणी हौशीने डॅशबोर्ड किंवा टायर पॉलिश लावलं असेल तर ते विशेष जपून काढा. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल डोळे पडतात.

त्यानंतर बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि पावडर घालून कुच्च्याने घासा. हातात रबरी मोजे घाला. खालून वर घासा आणि वरून खाली धुवा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ पडत नाहीत. संत्र्याच्या बागेत फवारणीसाठी एचटीपी पंप असेल तर धुवायला त्याचा जोर उत्तम. मात्र टाकी आणि नळी आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, औषधाचा तेलकट अंश पत्र्यावर यायला नको.

सावधान: वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली तर आधीच स्पष्ट सांगा, डिझेलचा फवारा नको. चेसिस चमकावी म्हणून तो मारण्याची सवय असते. त्यावर कोणताच रंग टिकत नाही. जळकं ऑइल लावण्याची पद्धतही तशीच घातक, ते रबरी बुश खराब करतं आणि पुढच्या रंगाची जागा कायमची तेलकट करून ठेवतं.

शेवटचं पाणी कोणतं, याकडे कोणी लक्ष देत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं. ते पत्र्यावर वाळलं की क्षार मागे राहतात. रंगाखालचे क्षार पावसाळ्यात ओलावा ओढून घेतात, आणि रंगाला पाण्याचे फोड येतात. म्हणून आधीचं सगळं धुणं बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचे दोन-तीन ड्रम नळाच्या नाहीतर टँकरच्या गोड्या पाण्याचे वापरा.

तपासा: धुतलेला पत्रा वाळल्यावर तळहात घासा. हाताला हिरवी पूड लागली तर जुना रंग भुकटला आहे, पुन्हा घासून धुवा. मग चूळभर पाणी मारा. पाणी एकसारखं पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन फाटलं तर तिथे अजून तेल आहे.

धुतल्यानंतर एक पूर्ण दिवस उन्हात वाळू द्या. सांध्यांमध्ये, बिजागऱ्यांमागे आणि रबराच्या खाली पाणी लपून बसतं. रंगवताना तेच ओघळून येतं.

६. जुना रंग धरून आहे का?

मिलिटरीच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं रंगावर रंग चढलेला असतो. काही जागी थर जाड असतो आणि वरचा थर खालच्याला धरून नसतो. तुमचा नवा रंग कितीही चांगला असला तरी तो खालच्या कमजोर थरासोबतच निघेल.

ब्लेडने पत्र्यापर्यंत जाईल अशी फुलीची खूण करा. तिच्यावर टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. दार, बॉनेट, मडगार्ड आणि फाळका अशा चार-पाच जागी करून पाहा. टेपला फक्त धूळ आली तर जुना रंग तसाच ठेवा. खवले आले तर त्या भागातला रंग खरवडून काढणं भाग आहे. संपूर्ण गाडीचा काढायची गरज सहसा पडत नाही. चाकांच्या वरचा भाग, हौद्याचे खालचे काठ आणि केबिनचं छत इथेच तो सुटतो.

७. गंज

गंजाचे तीन प्रकार ओळखा, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

वरवरचा लालसर गंज, जो बोटाला लागतो. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर पुरतो.

पापुद्र्यांचा गंज, जो खरवडणीने टोकलं की पातळ पातळ सुटतो. याला वेळ लागतो. खरवडणी, मग तारेचा ब्रश. ग्राइंडरला तारेची वाटी लावली तर काम लवकर होतं, पण पत्रा पातळ असेल तर जास्त दाबू नका. पत्र्याच्या खड्ड्यांत घट्ट बसलेला काळपट गंज राहिला तर राहू द्या, त्याला रेड ऑक्साइड सांभाळून घेतं. सुटणारा मात्र एकही कण राहता कामा नये.

आरपार गंज. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर भोक पडलं तर रंगाचं काम नाही, वेल्डरचं आहे. त्या भोकावर पुट्टी भरून रंग मारणं ही सगळ्यात महागडी बचत. पुट्टी आत ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत भोक मुठीएवढं होतं.

काही जण गंजावर रॉकेल चोळतात. रॉकेलने गंज मऊ होतो हे खरं, पण मागे तेलकट पातळ थर राहतो. लावलंच तर ती जागा पुन्हा सोड्याच्या पाण्याने धुवा आणि वाळवा.

पेंटर म्हणेल, "घासाचं काम नाही भाऊ, रंग पकडते." त्याला मजुरी फुटावर मिळते, घासण्याची मिळत नाही, म्हणून तो असं म्हणतो. घासण्याची मजुरी वेगळी ठरवा, नाहीतर घरच्या माणसांनी घासून द्या आणि रंग फक्त त्याच्याकडून लावून घ्या.

सावधान: जुन्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी मर्यादा आणली, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची असेल. म्हणून जुना रंग आगीने जाळून काढू नका, त्याचा धूर विषारी असतो. घासताना मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. खाली पडलेला चुरा पोत्यात भरून बाजूला ठेवा. गोठ्याजवळ किंवा भाजीच्या वाफ्याजवळ हे काम अजिबात नको. जनावरं रंगाचे खवले चाटतात आणि शिशाची विषबाधा गुरांच्या जिवावर बेतते. घरात शिरण्याआधी कपडे बदला, हातपाय धुवा.

८. घासणी

सुटा रंग आणि गंज काढल्यावर जुन्या रंगाच्या तुटक कडा राहतात. त्यांच्यावर १२० नंबरचा पेपर फिरवून उतार करा. कडेवरून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. ही पायरी नव्या रंगाखाली दिसते आणि पहिला पापुद्रा तिथूनच उचलतो.

बाकीची गाडी १२० नेच हलकी घासून घ्या. जुना रंग मॅट असला तर थोडक्यात भागतं. पण कोणी मधे चकचकीत रंगाचा हात मारलेला असेल तर चमक जाईपर्यंत घासावं लागेल. दारावरचे, फाळक्यावरचे मिलिटरीचे आकडे, बाण आणि युनिटची चिन्हं स्टेन्सिलने जाड रंगवलेली असतात. ती सपाट होईपर्यंत घासा. नाहीतर ऑक्सफर्ड ब्लूखालूनही बाणाचा उंचवटा तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतो. आणि खाजगी गाडीवर ती चिन्हं राहणं बरोबरही नाही.

घासून झाल्यावर कोरड्या ब्रशने झाडा, मग टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या चिंधीने पुसा. वाळू द्या. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका, घामाचे डाग राहतात.

९. झाकणं

काचा, दिवे, टायर, रेडिएटरची जाळी, इंजिनाचे भाग झाका. काचेच्या रबराखाली सुतळी सरकवा, रबराचा ओठ उचलला जातो आणि रंग काठाच्या आत जातो. ब्रेकचे रबरी पाइप, ग्रीस निपल, प्रॉपेलर शाफ्टचा सरकणारा भाग, एक्सलवरचं श्वासनळीचं छोटं तोंड आणि वायरिंगचे अर्थ पॉइंट यांवर रंग नको. एक्सलचं ते तोंड रंगाने बुजलं तर आत दाब वाढून सीलमधून तेल गळायला लागतं, आणि कारण कोणाच्याही लक्षात येत नाही.

टेप एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. उन्हाने तिचा गोंद काचेवर चिकटून राहतो.

१०. रेड ऑक्साइड

फक्त उघड्या पत्र्यावर आणि काळपट गंजाच्या जागांवर लावा, सगळ्या गाडीला नको. डबा तळापासून ढवळा, लाल गाळ खाली बसलेला असतो. ब्रशने रगडून लावा, खड्ड्यांत आणि सांध्यांत ब्रशचं टोक घुसवा. जाड थर नको, दोन पातळ हात चांगले.

घासलेल्या जागेला त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढंच घासायला घ्या.

सावधान: रेड ऑक्साइड लावून गाडी महिनाभर उघड्यावर ठेवू नका. या प्रायमरला सूक्ष्म छिद्रं असतात, दव आणि पाणी आत जातं. लाल दिसतंय म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही. रात्रभर वाळला की २२० च्या पेपरने हलका हात फिरवा आणि पुढे चला.

११. पहिला हात

बादलीतला रंग जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळून घ्या. एक लिटरला ५० ते १०० मिलिलिटर टर्पेंटाइन घाला, जास्त नको. पातळ रंग पसरतो लांब, पण झाकत नाही आणि ओघळतो. मॅट जागा जास्त पितात, म्हणून पहिल्या हाताला १०० मिलिलिटरच्या जवळ राहा.

प्रायमरच्या लाल डागांवर आधी एकेक पातळ हात मारून घ्या. मग क्रम असा: दारांच्या आतल्या कडा आणि सांधे, केबिनचं छत, खांब, बॉनेट, दारं, मडगार्ड, आणि शेवटी हौदा. वरून खाली. छत शेवटी ठेवलं तर रंगलेल्या दारावर थेंब पडतात आणि कोपरही टेकतो.

सपाट भागाला रोलरने रंग पसरवा आणि तो ओला असतानाच कोरडसर ब्रशच्या टोकाने एकाच दिशेने हलकेच ओढा. दारावर वरून खाली, फाळक्यावर आडवं. दोन-अडीच फुटांचा तुकडा पुरा करून पुढे सरका. सुकायला लागलेल्या जागेवर पुन्हा ब्रश नेऊ नका. राहिलेली फट दुसऱ्या हाताला भरेल, पण ओढलेली रेघ कायमची राहील.

पहिल्या हातानंतर गाडी ठिगळाठिगळांची आणि वाईट दिसते. खालचा हिरवा डोकावतो. घाबरून जाड थर द्यायला जाऊ नका, ओघळ आणि सुरकुत्या इथेच पडतात.

चिंध्यांचं काय कराल? इनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापून पेटू शकतात. एकेक पसरून मोकळ्यावर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. काम चालू असताना जवळपास बिडी नको.

१२. दुसरा हात

किमान २४ तास थांबा. थंडी जास्त असेल तर दीड दिवस. नख दाबून पाहा, खूण उठली तर अजून ओलं आहे. वर बसलेला कचरा, केस, ओघळ यांच्यावर २२० चा पेपर हलकेच फिरवा, पुसा, आणि दुसरा हात द्या. या हाताला टर्पेंटाइन ५० मिलिलिटरच्या वर नको.

पोचे लपवायचे असतील तर पूर्ण ग्लॉसऐवजी सॅटिन घ्या. चकाकी जितकी जास्त, तितका प्रत्येक पोचा उन्हात दिसतो.

टेप रंग थोडा चिकट असतानाच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाचा काठ तिच्यासोबत येतो.

१३. चेसिस आणि चाकं

चेसिसला काळा इनॅमल, एकच भरपूर हात. आधी धुऊन, खरवडून, सुटा गंज काढलेल्या जागी प्रायमर देऊन. पाट्यांच्या पानांमध्ये रंग घुसवू नका. सायलेन्सरवर इनॅमल जळून धूर येतो. त्याला उष्णता सोसणारा अॅल्युमिनियम रंग मिळतो, नाहीतर तसाच राहू द्या. चाकांच्या नटांच्या बैठकीवर रंगाचा थर राहिला तर नट नंतर सैल पडतात. तिथला रंग पुसून घ्या, आणि शंभर-दोनशे किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा कसा.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या.

१४. वाळल्यानंतर

दुसऱ्या दिवशी गाडी हाताला कोरडी लागते, पण आत रंग कच्चा असतो. आठवडाभर ताडपत्री बांधू नका, दोर ओढू नका, माल भरू नका. दोराने नव्या रंगावर पडलेली चकाकती घासट निघत नाही. नंबर, नाव आणि रिफ्लेक्टरची पट्टी आठवड्यानंतर लावा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. कच्च्या रंगावर पट्टी लावली तर पहिल्याच पाण्याच्या फवाऱ्याने ती रंगासकट उचलते. पहिला महिना सोडा किंवा पावडरने धुऊ नका, साधं पाणी पुरे.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर त्यावर साय धरते. लहान बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वर शेडचं नाव, कंपनी आणि तारीख लिहा. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला की मडगार्डच्या मागचे काठ, दारांच्या खालच्या कडा आणि फाळक्याच्या कड्यांभोवतीची जागा पाहा. जिथे दगड लागून रंग उडाला असेल तिथे पाऊस उघडलेल्या दिवशी घासा, रेड ऑक्साइड लावा, आणि दुसऱ्या दिवशी बाटलीतला रंग.